अचला

मुलांनी खोटे बोलू नये, हे मी वीस-बावीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. मास्तराने बोलावे की नाही, याविषयी पाठ्यपुस्तकात काही दिलेले नाही, आणि मीही त्याचा कधी विचार केला नव्हता. तो करण्याची पाळी माझ्यावर आली ती २०२४ च्या मार्च महिन्यात.

त्या महिन्याच्या एकवीस तारखेला सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी या भागात जमीन हलली. धक्का फार मोठा नव्हता, ४.५ प्रतीचा होता. परंतु मराठवाड्यात 'भूकंप' हा शब्द उच्चारला की चाळिशीच्या वरची माणसे क्षणभर बोलायची थांबतात. मला स्वतःला काही जाणवले नव्हते. शाळेत गेलो तर मुलांच्या तोंडी तोच विषय. गणिताचा तास सुरू केला तेवढ्यात चौथीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, आपल्या इथली जमीन हलती का?"

मी म्हणालो, "नाही गं. आपल्या खाली काळा पाषाण आहे. आपली जमीन पक्की आहे. बस खाली."

मुलगी बसली. वर्गाला बरे वाटले. खरे सांगायचे तर मलाच अधिक बरे वाटले. लहान मुलाला धीर देण्यासाठी आपण खोटे बोलतो असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा तो धीर आपण स्वतःलाच देत असतो, आणि मूल केवळ निमित्त असते.

या मुलीच्या घरी तिची आजी आहे. म्हातारीचे माहेर किल्लारीच्या बाजूचे. १९९३ साली तिची थोरली बहीण मुलाबाळांसकट भिंतीखाली गेली. तेव्हापासून कुठेही जमीन हलल्याची बातमी आली, की म्हातारी आपली बाज उचलून अंगणात टाकी आणि महिना-दोन महिने उघड्यावर निजे. घरची माणसे हसत. ती कुणाचे ऐकत नसे. त्या दिवशी मात्र नात घरी गेली आणि म्हणाली, "गुरुजी मनले, आपली जमीन पक्की हाय." अंगणात टाकलेली बाज म्हातारीने त्याच संध्याकाळी आत नेली.

घर जुने, माळवदाचे. मागच्या भिंतीला पोट आलेले होते. त्या पावसाळ्यात तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी ती भिंत बसली. म्हातारी त्या वेळी बाहेर शेळीला पाला टाकत होती, म्हणून वाचली. बाजेचे दोन पाय मोडले आणि तिच्यावर गुडघाभर दगडमाती पडली. भूकंपबिकंप काही झाला नव्हता. पावसाने भिंत पडली असे सगळ्यांनी म्हटले, आणि ते खरेच होते. मला कुणी एका शब्दाने बोल लावला नाही. ती बाज आत कुणी नेली हे मात्र मला ठाऊक होते.

*

१९९३ साली मी शाळकरी पोर होतो. तीस सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. चार वाजायला चार-पाच मिनिटे कमी असताना फडताळातली भांडी एकमेकांवर वाजू लागली. मांजर शिरले असेल म्हणून आई ओरडली. तोच वडिलांनी आम्हा भावंडांना ओढत अंगणात आणले. किल्लारी आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. आमच्याकडे भिंतींना तडे गेले. तिकडे, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, गावेच्या गावे जमिनीसारखी सपाट झाली. मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या आसपास आहे.

ती माणसे जमिनीने मारली नाहीत; घरांनी मारली. मातीत रचलेल्या गोट्यांच्या दोन-दोन हात जाड भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. माळवद गळू नये म्हणून दरवर्षी आणखी थोडी माती टाकायची. वडिलांनी टाकली, आजोबांनी टाकली, पणजोबांनी टाकली. उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार अशी ती छान घरे होती. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर वाढत गेलेले ते ओझे एका पहाटे खाली आले.

आणखी एक गोष्ट मला पुढे वाचनात कळली आणि ती मनाला फार लागली. देशाचा जो भूकंपाचा अधिकृत नकाशा होता त्यात धोक्याच्या मानाने पाच विभाग पाडले होते. किल्लारी त्यांतल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धास्त विभागात होती. त्या नकाशानेही आम्हाला "आपली जमीन पक्की आहे" असेच सांगितले होते. २००२ साली नवा नकाशा निघाला त्यात पहिला विभाग उरलाच नाही. क्रम दोनपासून सुरू झाला. आपल्या देशात पूर्ण निर्धास्त अशी जागा नाही, ही कबुली त्या गाळलेल्या आकड्यात आहे.

भूकंपानंतर कित्येक आठवडे आम्ही शेतात झोपत होतो. मोठ्या माणसांच्या तोंडी एकच प्रश्न: पुन्हा कधी? आणि या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ निघाले. कुणी अमावास्या सांगितली, कुणी तारीख. त्या रात्री गाव जागे राही. काही होत नसे. मग दुसरी तारीख येई. "सांगता येत नाही" म्हणणारेही होते, परंतु त्यांच्याजवळ कुणी थांबत नसे. तारीख सांगणारा खोटा ठरला तरी लोकांना आपला वाटे, आणि खरे बोलणारा मात्र निरुपयोगी वाटे. असे का व्हावे, हे कोडे मला पुढे तीस वर्षे सुटले नव्हते. म्हातारीची भिंत पडली तेव्हा माझ्या ध्यानात आले की मीही त्या तारखा सांगणाऱ्यांपैकीच एक आहे. त्यांनी जमीन अमुक दिवशी हलेल म्हणून सांगितले, मी कधीच हलणार नाही म्हणून सांगितले. दोघांनाही ठाऊक काहीच नव्हते.

*

त्या वर्षी भाऊबीजेला बहीण आली, तिच्याबरोबर भाचा आला. तो गोव्यास भूविज्ञान शिकतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे जे काही, ते वाचनालयातल्या कपाटांनी शिकवलेले. कादंबऱ्या लिहिण्याला तेवढे पुरले, परंतु या प्रश्नाला पुरेना. मी त्याला विचारले, "आपल्या खालचा काळा पाषाण हलतो का रे?"

तो हसून म्हणाला, "मामा, त्या पाषाणाची हकीकत इथं बसून कळायची नाही. समुद्रात जावं लागंल."

युसूफ वडगावापासून समुद्र कुठच्या कुठे. आमच्याकडे पाणी म्हणजे मांजरा नदी आणि धनेगावचे धरण. तेही भरले तर भरले. पण भाच्याने जे सांगितले आणि नंतर मी जे वाचले, त्याने अरबी समुद्राचा तळ आमच्या अंगणापर्यंत आणला.

साडेसहा कोटी वर्षांमागे महाराष्ट्राच्या भूमीवर तप्त रसाचे थरांवर थर पसरले. आमची काळी माती ही त्याच पाषाणाची झीज. तो लाव्हा वाहत होता, किंवा नुकता थंडावला होता, त्या काळात आपल्या भूमीचा पश्चिमेकडचा एक तुकडा तुटला. मधे भेग पडली, भेगेत समुद्र शिरला, आणि समुद्र रुंदावत गेला. तो तुकडा आज सेशेल्स बेटांच्या रूपाने मुंबईपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे. ज्या जागी भेग रुंदावते आहे तिथे समुद्राच्या तळाशी डोंगरांची एक लांबच लांब रांग आहे. तिचे नाव कार्ल्सबर्ग. डेन्मार्कच्या ज्या सफरीत १९२८ ते १९३० या काळात तिचा छडा लागला, त्या सफरीला एका बिअर गाळणाऱ्या कारखान्याच्या प्रतिष्ठानाने पैसा दिला होता. त्याचेच नाव डोंगराला पडले. आमच्याकडे शाळेला खोली बांधून देणाऱ्याच्या नावाची पाटी लावतात, तसलाच हा प्रकार.

या डोंगरावर १९६२ साली एक ब्रिटिश जहाज गेले. हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय पाहणी चालू होती, त्यातलेच हे काम. जहाजाच्या मागे दोराला बांधून चुंबकीय शक्ती मोजणारे यंत्र ओढायचे, आणि शेत नांगरावे तसे तासावर तास घालत पुढेमागे जायचे. ड्रमंड मॅथ्यूज हा त्या कामावरचा शास्त्रज्ञ. त्याने आणलेले आकडे केंब्रिजला फ्रेड व्हाइन नावाच्या तरुण विद्यार्थ्याच्या हाती पडले. कुठे चुंबकशक्ती अपेक्षेपेक्षा जास्त, तर शेजारीच कमी; पुन्हा जास्त, पुन्हा कमी. तळाला जणू खणाच्या लुगड्यासारखे पट्टे होते.

त्याचा अर्थ असा लागला. भेगेतून तप्त रस वर येतो आणि थिजतो. थिजताना त्या क्षणी पृथ्वीच्या चुंबकाची जी दिशा असेल ती दगडात मुरते. आता पृथ्वीचे चुंबक युगायुगांनी उलटे होते. उत्तरेची दक्षिण होते. शेवटची अशी उलथापालथ सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाली. नवा रस जुन्या दगडाला दोन्ही बाजूंस सारून मधे जागा करतो. म्हणून भेगेच्या अलीकडे-पलीकडे सुलट, उलट, सुलट, उलट असे दगडाचे पट्टे पडत जातात. समुद्राचा तळ म्हणजे दोन्ही पानांवर एकाच वेळी लिहिली जाणारी कीर्दवही आहे. व्हाइनने असे पट्टे कल्पून, त्यांच्यावरून यंत्र नेले तर आकडे काय येतील याचा हिशेब संगणकावर केला आणि जहाजाच्या आकड्यांशी ताडून पाहिला. १९६३ च्या सप्टेंबरात हा निबंध छापून आला. जमीन चालते, याचा पक्का पुरावा मिळण्यास ज्या थोड्या पानांनी सुरुवात झाली त्यांत ही पाने येतात, आणि त्यांतले आकडे आपल्या अरबी समुद्राच्या बाजूचे आहेत.

इथे मला एका तिसऱ्या माणसाची आठवण ठेवावीशी वाटते. कॅनडातल्या लॉरेन्स मॉर्ली याला हीच कल्पना त्याच वर्षी स्वतंत्रपणे सुचली होती. त्याने टिपण पाठवले. एका नियतकालिकाने परत केले, दुसऱ्याने परत केले. साभार परतीची पाकिटे मी पुष्कळ जमवली आहेत, त्यामुळे त्याचे दुःख मला समजते. पण समजले नाही ते असे: मॉर्लीजवळ कल्पना होती, व्हाइनजवळ कल्पनेबरोबर मोजलेले आकडे होते. संपादक कठोर होते, कदाचित आंधळेही. परंतु "असे असेल" आणि "असे मोजले" यांतला फरक त्यांनी पाहिला असेल, तर तो अगदीच खोटा म्हणता येत नाही.

मोजण्याची इमानदारी म्हणजे काय याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजत. शहरात विजेच्या ट्रॅम येणार असे ठरले. विजेने चुंबकाची सुई बिघडणार. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी नवी जागा अलिबागला पाहिली. लोखंड न वापरता इमारत उभी केली. आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जुन्या नोंदीचा धागा नव्या नोंदीला नीट जोडला जावा म्हणून. पुढे शंभर वर्षांनी कुणाला तरी हे आकडे लागतील, त्याला आपल्यामुळे फसगत होऊ नये, एवढ्यासाठी दोन वर्षांचे दुहेरी कष्ट. जो माणूस अजून जन्माला आला नाही त्याच्याशीही खोटे बोलायचे नाही, असा हा नेम आहे. मी तर समोर उभ्या असलेल्या मुलीशी बोललो होतो.

*

हे सगळे ऐकून-वाचून मला मोठा हुरूप आला. सुट्टी संपल्यावर मी फळ्यावर एक गणित घातले. आपली भूमी वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते, हे उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेले आहे. सेशेल्सची ताटातूट होऊन झाली सुमारे सहा कोटी तीस लाख वर्षे. पाच गुणिले सहा कोटी तीस लाख: एकतीस कोटी पन्नास लाख सेंटीमीटर, म्हणजे तीन हजार एकशे पन्नास किलोमीटर. आणि प्रत्यक्ष अंतर? तीन हजारांहून थोडे जास्त! मुलांनी टाळ्या पिटल्या. मला वाटले, कोट्यवधी वर्षांचा हिशेब आमच्या वस्तीवरच्या फळ्यावर सुटला.

रात्री मी भाच्याला फोन लावला. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण गणित चुकलंय."

चूक अशी होती. पाच सेंटीमीटर हा आपल्या भूमीच्या एकूण चालीचा आकडा. सेशेल्स आणि आपण यांच्यामधला समुद्र किती रुंदावतो हा प्रश्न वेगळा; सेशेल्सही आपल्या जागी स्वस्थ बसलेले नाही. कार्ल्सबर्गच्या भेगेवर आज ही वाढ वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरच आहे. त्या आकड्याने गुणले तर उत्तर निम्म्याच्या आसपास येते. मग उरलेले अंतर कुठून आले? तर पूर्वी चाल फार वेगाची होती. आपली भूमी एके काळी वर्षाला पंधरा सेंटीमीटरांच्याही पुढे धावत होती. सुमारे पाच कोटी वर्षांमागे ती आशियाला जाऊन भिडली, हिमालय उचलू लागली, आणि तिची गती मंदावली. मी भलताच आकडा घेतला, गती सदासर्वकाळ एकच होती असे धरले, आणि दोन चुका एकमेकींना अशा पुरून उरल्या की उत्तर बरोबर आले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलांच्या वह्यांत मी आजवर किती उत्तरांवर बरोबरची खूण केली असेल, ज्यांची रीत चुकलेली होती? त्याहून मोठी गोष्ट ही की, आपण आयुष्यात जे हिशेब करतो त्यांतले कितीतरी केवळ जुळले म्हणून आपण खरे धरतो. पणजोबांचे माळवद शंभर वर्षे उभे राहिले. म्हणून ते पक्के, हा हिशेब जुळलेलाच होता. किल्लारीत त्याआधी माणसाच्या आठवणीत मोठा भूकंप नव्हता. म्हणून पहिला विभाग, हाही हिशेब जुळलेला होता. चुकलेला हिशेब आपल्याला लवकर सावध करतो. जुळलेला चुकीचा हिशेब मात्र आपण उशाशी घेऊन झोपतो.

आणि हे केवळ आमच्यासारख्या खेड्यातल्यांचेच होते असे नाही. समुद्राच्या तळाची हालचाल मोजण्यात जपानी लोकांचा हात धरणारा नाही. हे मोजणे फार कठीण. जमिनीवर उपग्रहाचा संदेश पकडून जागा ठरवता येते, पण तो संदेश पाण्यात शिरत नाही. म्हणून तळाशी यंत्रे ठेवतात. वर जहाज उपग्रहाकडून स्वतःची जागा विचारून घेते आणि खाली ध्वनीने हाक मारते. यंत्र ओ देते. हाक जाऊन ओ यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचे. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, पण पाणी थोडे ऊन असले, थोडे खारे असले की वेग बदलतो. म्हणून पाण्याचा प्रत्येक थर आधी मोजायचा, हजारो हाका मारायच्या, आणि शेवटी आकड्याशेजारी लिहायचे की यात इतक्या सेंटीमीटरांची चूक असू शकते.

इतके करणाऱ्या देशात काय झाले? मियागीच्या किनाऱ्यापुढे साडेसात प्रतीच्या जवळपासचा भूकंप होणार असे त्यांनी धरले होते. जुन्या नोंदींत तसे धक्के ठराविक अंतराने येत गेलेले दिसत होते. ११ मार्च २०११ रोजी आला तो ९.० प्रतीचा, धरलेल्याहून शक्तीने दीडशेपटींहून अधिक. तळाशी ठेवलेले एक यंत्र जागेवरून चोवीस मीटर सरकलेले आढळले. मेलेली आणि नाहीशी झालेली माणसे अठरा हजारांहून अधिक. त्यांचाही हिशेब त्या दिवसापर्यंत जुळत आला होता.

मग त्यांनी काय केले? आम्ही चुकलो असे म्हटले, आणि समुद्रतळाशी दीडशे ठिकाणी यंत्रे ठेवून ती तारेने किनाऱ्याला जोडली. तारीख सांगण्यासाठी हे नव्हे. ती अजून कुणालाच सांगता येत नाही. तळ हलला की लाट किनाऱ्याला पोचण्याआधी काही मिनिटे तरी हातात यावीत म्हणून. आपल्याकडेही २००४ च्या सुनामीनंतर, २००७ साली, हैदराबादेत असे सूचना देणारे केंद्र सुरू झाले. अरबी समुद्राला त्याची गरज नाही असे नाही. १९४५ च्या नोव्हेंबरात मकरानच्या किनाऱ्यापुढे तळ हलला, तेव्हा लाट मुंबईपर्यंत आली होती आणि इथेही माणसे दगावली होती.

*

दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा लक्ष्मीची एक गोष्ट सांगतो. आपल्या किनाऱ्यापासून साडेचारशे किलोमीटरांहून दूर, अरबी समुद्राच्या तळाशी एक खोरे आहे. शास्त्रज्ञांनी त्याला लक्ष्मीचे नाव दिले आहे. त्यात पाण्याखाली बुडालेले तीन डोंगर आहेत, त्यांची नावे रामन, पणिक्कर आणि वाडिया. हे खोरे म्हणजे भारतभूमीचाच ताणून पातळ झालेला पदर आहे, की नव्या समुद्राचा तळ आहे, यावर वर्षानुवर्षे वाद. वरून गुरुत्वाकर्षण मोजले, ध्वनी सोडून पाहिला, नमुने मांडले. दोन्ही पक्षांचे नमुने आकड्यांशी जुळत!

अडतीवर पोत्यात ज्वारी कशी आहे यावरून वाद झाला तर बंबी मारून आतले मूठभर दाणे काढतात. २०१५ साली तसेच केले. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय जहाजाने साडेतीन किलोमीटरांहून खोल पाण्याखाली तळात भोक पाडले. एके ठिकाणी अकराशे मीटरपर्यंत. या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक भारतीय होते. काय मिळाले? हिमालयाची आणि सिंधूची माती. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी खोऱ्यात कोसळलेल्या एका प्रचंड दरडीचा ढिगारा. आणि दुसऱ्या भोकात अगदी खाली काळा पाषाण. पाषाण हाती आला, तरी वाद मिटला नाही. त्या दगडाचा अर्थ कसा लावायचा यावर पंडितांचे पुन्हा दोन पक्ष पडले.

पूर्वी हे वाचून मी म्हटले असते, मग एवढा खर्च करून काय मिळवले? आता मला तसे वाटत नाही. "ठाऊक नाही" हे दोन प्रकारचे असते. एक आळशाचे; ते प्रश्नाच्या आधी येते. दुसरे अकराशे मीटर खोल जाऊन आलेल्याचे. त्यात काय ठाऊक आहे, किती ठाऊक आहे, आणि कुठून पुढे ठाऊक नाही, याची रेघ ओढलेली असते. त्या रेघेच्या अलीकडे उभे राहून माणसाला काम करता येते. भूकंप कधी येईल हे सांगता येत नाही; पण मातीत रचलेली जाड भिंत आणि तिच्यावरचे हातभर मातीचे छप्पर माणूस मारते, हे सांगता येते. जगायला यातले दुसरे पुरते. आम्ही मात्र पहिल्याच्या मागे लागून दुसरे ऐकले नाही. लहानपणीचे माझे कोडे असे सुटले: "सांगता येत नाही" म्हणणारा तिथेच थांबत नव्हता, आम्ही त्याचे पुढचे वाक्य ऐकायला थांबत नव्हतो.

अमरकोशात पृथ्वीला 'अचला' असे एक नाव आहे; 'स्थिरा' असेही आहे. आणि त्याच कोशात 'जगती' हेही तिचेच नाव. जगती हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ जाणे, चालणे. जुन्या लोकांनी दोन्ही नावे शेजारी ठेवली आणि एकही खोडले नाही. आपल्याला निजताना अचला हवी असते, आणि भिंत बांधताना जगती आठवावी लागते.

*

डिसेंबरात एका सकाळी मी वर्गात उभा राहिलो आणि म्हणालो, "मार्च महिन्यात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली होती. आपली जमीन हलते. रोज हलते; आपल्या नखाच्या वाढीपेक्षा फार वेगाने नाही. आपण सगळे तिच्याबरोबरच जातो म्हणून कळत नाही. मोठा धक्का येईल की नाही, आला तर कधी, हे कुणालाही सांगता येत नाही. सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो मास्तर असला तरी." मग सेशेल्सचे गणित पुन्हा घातले, या वेळी चूक कुठे होती तेही दाखवले.

ती मुलगी उठली. आता ती पाचवीत गेली होती. म्हणाली, "मग तवा तुमी नाही का मनलात, गुरुजी?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही असं तुमच्यासमोर म्हणायची लाज वाटली."

वर्गात कुणी हसले नाही. मला वाटले होते की मास्तराचा मान जाईल. तसे काही झाले नाही. उलट मधल्या सुट्टीत चार पोरे वह्या घेऊन आली. आमची उत्तरे बरोबर आहेत, रीत बरोबर आहे का पाहा, म्हणून.

संध्याकाळी म्हातारीकडे गेलो. तिला सगळे सांगितले. ती शेळीपाशी बसली होती. म्हणाली, "मला ठाव हुतं गुरुजी. आमी त्या साली बघितलंय की. पर पोरगी मनली, गुरुजी मनतेत पक्की हाय. मनलं, शिकलेलं मानूस सांगतंय तर आसंल."

मला काय बोलावे सुचेना. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आता भिंत कशी घालायची ते सांगा."

ते मला सांगता आले. शेजारीपाजारी, तिचा मुलगा आणि मी, आम्ही उरलेल्या माळवदावरची माती उतरवली. तीन ट्रॉल्या निघाली. एवढे ओझे डोक्यावर घेऊन चार पिढ्या झोपल्या होत्या. वर पत्रे टाकले. नवी भिंत विटांची, सिमेंटात, आणि तिन्ही जुन्या भिंतींना धरून सगळीकडून फिरणारा सळईचा एक पट्टा. गवंड्याला हे पट्ट्याचे प्रकरण आधी खर्चिक वाटले. मग त्याने केले.

पत्र्याखाली उन्हाळ्यात तापते अशी म्हातारीची तक्रार आहे, आणि ती खरी आहे. परवा दिवाळीच्या सारवणाला मी तिकडून गेलो तेव्हा बाजेला नवे पाय बसलेले दिसले. बाज दाराच्या तोंडाशी, अर्धी आत, अर्धी बाहेर होती. मी विचारले, "आजी, आत की बाहेर?"

ती म्हणाली, "थंडी वाजली की आत. जीव घाबरला की भाईर. तुमाला इचारून झोपायचं मी सोडून दिलंय."

मला वाटते, माझ्या शिकवण्याचे इतके चांगले फळ मी दुसरे पाहिलेले नाही.